पोटातील आग आणि एक वाकडा जंतू

बेलापूर म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे नव्या मुंबईतील खाडीकाठची कार्यालये उभी राहतात. आम्हांला अभिप्रेत असलेले बेलापूर ते नव्हे. आमचे बेलापूर प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यात (आता तो अहिल्यानगर झाला), श्रीरामपूर तालुक्यात आहे. मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावला जाणाऱ्या आमच्या वाचकांना हा टापू नवा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले, प्रवरेचे पाट निघाले, पाटामागून ऊस आला आणि उसामागून साखरेचे कारखाने व त्यांच्याभोवतीच्या दाट वस्त्या आल्या. ज्या भूमीत बाजरीची भाकरी आणि दुष्काळ यांचीच ओळख होती, तेथे चहा, साखर आणि रोख मजुरी आली. या सर्व स्थित्यंतराची नोंद इतिहासकारांनी केली आहे. परंतु माणसाच्या पोटाचाही एक इतिहास असतो आणि तो सहसा कोणी लिहीत नाही.

या टापूत, आणि खरे तर साऱ्या महाराष्ट्रात, ‘पित्त’ हा शब्द ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. रात्री दोन वाजता बेंबीच्या वर टोचल्यासारखे दुखून जाग येते, दोन घास खाल्ले की बरे वाटते, पुन्हा दोन तासांनी तेच. कोणी खायचा सोडा पाण्यात घालून पितो, कोणी थंड दूध, कोणी औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटे आणतो. असे दहा-दहा, वीस-वीस वर्षे चालते. मग एखाद्या दिवशी काळी शौचाला होते किंवा रक्ताची उलटी होते आणि घरातली माणसे त्याला गाडीत घालून तालुक्याच्या गावी धाव घेतात. या दुखण्याबरोबर आणखी एक गोष्ट येत असे, ती म्हणजे दोषारोप. ‘तुम्ही फार चिंता करता’, ‘फार रागावता’, ‘तिखट सोडा’, ‘वेळेवर जेवत जा’ असे रोग्याला सांगितले जाई. मोठमोठ्या वैद्यकीय ग्रंथांतही पचनज व्रणाचे, म्हणजे ज्याला आपण अल्सर म्हणतो त्याचे, कारण मनाचा ताण आणि आम्लाचा अतिरेक हेच दिलेले असे. म्हणजे दुखणे सोसायचे ते रोग्याने आणि त्याचा दोषही घ्यायचा त्यानेच. आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती हा दोष रोग्याच्या माथ्यावरून कसा उतरला याची आहे. आणि तो उतरल्यावर जी नवी जबाबदारी आली, तिचीही आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना हे दुखणे चांगले परिचित होते. माधवनिदान या ग्रंथात आम्लपित्ताचे वर्णन आहे, आणि अन्न पचत असताना उठणाऱ्या वेदनेला ‘परिणामशूल’ असे सार्थ नाव दिलेले आहे. जेवणानंतर किती वेळाने दुखते यावरून रोग ओळखण्याची ती दृष्टी आजचा डॉक्टरही वापरतो. युरोपात १९१० साली कार्ल श्वार्ट्‌झ यांनी ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ असा सिद्धान्त मांडला आणि पुढची सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र त्या एका सूत्राला बांधले गेले. आम्ल कमी करा, आम्ल निर्माण करणाऱ्या जठराचा भाग कापून टाका, आम्लाला चेतवणारी मज्जा छाटा, हेच उपचार. सूत्र खोटे नव्हते, अपुरे होते.

भारतात या रोगाचा अभ्यास दक्षिणेत प्रथम नेटाने झाला. त्रावणकोरमधील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयात डॉ. हॉवर्ड सॉमरवेल नावाचे शल्यविशारद होते. हे गृहस्थ १९२२ व १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांतील गिर्यारोहक. प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे २८,००० फुटांपर्यंत चढलेले. पहिल्या मोहिमेनंतर भारत पाहावयास म्हणून ते दक्षिणेत उतरले, नेय्यूरच्या रुग्णालयातील रोग्यांची रांग पाहिली आणि लंडनची उज्ज्वल कारकीर्द सोडून तेथेच राहिले. व्रणाने आद्यांत्र आक्रसून गेलेले, अन्न पुढे सरकत नाही म्हणून सुकत चाललेले गरीब शेतमजूर त्यांच्याकडे इतके येत की त्या शस्त्रक्रियेचा त्यांच्याइतका अनुभव जगात फार थोड्यांना असेल. त्याच सुमारास कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचा आहार देऊन पाहत होते. त्रावणकोरच्या गरिबांचा टॅपिओकाप्रधान आहार दिलेल्या उंदरांपैकी पाव हिश्श्याहून अधिकांना व्रण झाले. पंजाबी आहारावरच्या उंदरांना झाले नाहीत. पुढे म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात काम केलेले डॉ. फ्रँक टोव्ही यांनी हा धागा उचलला आणि १९७९ साली भारत व बांगलादेशातील व्रणाच्या प्रसाराचे चित्र प्रसिद्ध केले. भात खाणाऱ्या दक्षिण व पूर्व भागांत रोग अधिक. गव्हाचा कोंड्यासह वापर करणाऱ्या, भरड धान्ये व डाळी खाणाऱ्या भागांत कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या नगरकडील बाजरीच्या भाकरीला हे प्रशस्तिपत्रकच म्हणावयाचे! परंतु आहारामुळे कमी-अधिक होणारा हा रोग मुळात उत्पन्न कशाने होतो, हा प्रश्न शिल्लकच होता.

उत्तर डोळ्यांसमोर होते. १८९३ साली इटलीत ज्यूलिओ बिझोझेरो यांनी कुत्र्याच्या जठरात मळसूत्राच्या आकाराचे जंतू पाहून त्यांची चित्रे काढून ठेवली होती. नंतर अनेकांनी माणसाच्या जठरातही असे जंतू पाहिले. मात्र १९५४ साली अमेरिकेतील डॉ. पामर यांनी अकराशेहून अधिक रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासून असे जंतू तेथे नाहीत, दिसले ते तोंडातून आलेले किंवा मृत्यूनंतर वाढलेले, असा निर्वाळा दिला. त्यांनी वापरलेला रंग हे जंतू उठून दिसावेत असा नव्हता, एवढीच चूक. मोठ्या संख्येने केलेली चुकीची तपासणी लहान संख्येच्या बरोबर तपासणीला कशी गाडून टाकते, याचा हा नमुना आहे. आम्लाने भरलेल्या जठरात जंतू जगूच शकत नाही, हे मग पाठ्यपुस्तकातले वाक्य झाले.

पुस्तकाबाहेर मात्र एक माणूस वेगळेच करीत होता. ग्रीसमधील मिसोलोंगी या गावचे डॉक्टर जॉन लिकूदिस यांना १९५८ साली स्वतःच्या पोटदुखीवर प्रतिजैविकाने गुण आला. त्यांनी मग व्रणाच्या रुग्णांना प्रतिजैविकांचे मिश्रण देण्यास आरंभ केला आणि रुग्णांची रीघ लागली. परंतु अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठविला, औषधाला सरकारी मान्यता मिळाली नाही आणि वैद्यकीय शिस्त समितीने त्यांना चार हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. १९८० साली ते वारले. त्यांच्यापाशी पुराव्याची शिस्त नव्हती, हे खरे. पण त्यांना ऐकून घेण्याची तसदीही कोणी घेतली नाही, हे त्याहून खरे.

पुढचे वर्तमान ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराचे आहे. तेथील रॉयल पर्थ रुग्णालयात डॉ. रॉबिन वॉरन हे ऊतींचे तुकडे तपासणारे तज्ज्ञ होते. ११ जून १९७९ रोजी, आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांना एका सुजलेल्या जठराच्या तुकड्यावर निळसर रेघ दिसली. चांदीचा रंग देऊन पाहिले तो वाकड्या जंतूंची दाटी. दोन वर्षांनी त्यांना बॅरी मार्शल हे तरुण सहकारी मिळाले. जंतू दिसत होता, पण काचेच्या बशीत तो वाढत नव्हता. चौतीस रुग्णांचे नमुने वाया गेले. प्रयोगशाळेची रीत अशी होती की दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी फेकून द्यावयाची. १९८२ सालचा ईस्टर ११ एप्रिलला आला. सणाच्या सुटीमुळे आणि कामाच्या गर्दीमुळे पस्तिसाव्या रुग्णाच्या बशा तशाच राहून गेल्या. सुटी संपल्यावर पाहिले तर त्यांत जंतूंच्या वसाहती उगवलेल्या! जंतू मंदगतीने वाढणारा होता, त्याला केवळ चार दिवस हवे होते. आमच्या वाचकांना ईस्टरचा हा योग आवडेल, म्हणून थोडा विस्तार केला.

तरीही कोणी विश्वास ठेवीना. जंतू रोग करतो की रोगट जागी जंतू येऊन बसतो, हा आक्षेप रास्त होता. डुकरांच्या पिलांवरील प्रयोग फसले. तेव्हा जून १९८४ मध्ये बत्तीस वर्षांच्या मार्शल यांनी आधी स्वतःच्या जठराची दुर्बिणीने तपासणी करून घेतली आणि मग जंतूंचा गढूळ पेला पिऊन टाकला. आठवड्याच्या आत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. पुन्हा दुर्बीण घातली तो निरोगी जठर सुजलेले आणि जंतूंनी भरलेले. पत्नीचा धीर सुटला आणि तिच्या आग्रहावरून त्यांनी औषध घेतले. हे धाडस सर्वांना ठाऊक असते. त्यामानाने न्यूझीलंडच्या आर्थर मॉरिस यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यांनीही हाच जंतू प्राशन केला. पण औषधाने तो दबला, गेला नाही, आणि काही वर्षे त्यांच्या पोटात मुक्काम करून अखेर तिहेरी उपचारानेच हटला. आमच्या विषयाच्या दृष्टीने मॉरिस यांचा अनुभव अधिक मोलाचा आहे. जंतू लपतो, औषध थांबले की परततो, हे त्यातून उमगले.

कसोटी १९८८ साली लागली. मार्शल व वॉरन यांनी शंभर रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या पोटातून जंतू नाहीसा झाला त्यांपैकी ९२ टक्क्यांचा व्रण भरला. ज्यांचा जंतू राहिला त्यांच्यात ६१ टक्के. याहून बोलका आकडा पुढच्या वर्षभराचा आहे. जंतू गेलेल्यांपैकी २१ टक्क्यांना व्रण पुन्हा झाला, जंतू राहिलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना. म्हणजे आम्ल कमी करणारे औषध जखम भरून काढीत होते, पण जखम करणाऱ्याला घरातच ठेवीत होते. आपल्याकडे मुंबईतही हे काम लगोलग हाती घेतले गेले, डॉ. नानिवडेकर, डॉ. सावंत आदींनी व्रण, हा जंतू आणि व्रणाची पुनरावृत्ती यांचा तीन वर्षांचा मागोवा १९९० साली भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात मांडला. आमच्या बेलापूरहून फार लांब नसलेल्या लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले ते १९८४ साली, म्हणजे मार्शल यांनी पेला रिचविला त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पण खेड्यातल्या पोटाला तपासणी जवळ आली ती अशा संस्थांमुळे, हे विसरता येत नाही. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने व्रणावर प्रतिजैविके द्यावीत असा निर्णय दिला, त्याच वर्षी जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना कर्करोगकारकांत केली, आणि २००५ साली वॉरन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन २०२४ साली निवर्तले. जंतूचे आजचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

आता प्रतिजैविक पोटात गेल्यावर नेमके काय घडते ते पाहू. हा जंतू आम्लात पोहत राहत नाही. तो युरिएज नावाचे विकर सोडतो, त्याने लघवीतल्याच युरियाचा पोटातील अंश फोडून अमोनिया बनवतो आणि त्या अमोनियाचे कवच पांघरून, शेपटांच्या साहाय्याने मळसूत्रासारखा फिरत जठराच्या बुळबुळीत अस्तरात शिरतो. तेथे आम्ल पोहोचत नाही. पण औषधही सहजी पोहोचत नाही. शिवाय अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे विभागून वाढत असलेल्या जंतूवर चालतात, आणि आम्ल तीव्र असता जंतू वाढ थांबवून स्वस्थ बसतो. निजलेल्या चोराला पकडता येत नाही, तो हलला पाहिजे. म्हणून आम्ल दाबणारे औषध बरोबर द्यावे लागते; आम्ल ओसरले की जंतू वाढीला लागतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. एकच प्रतिजैविक दिले तर थोडे जंतू वाचतात व तेच पुढची पिढी वसवितात. यासाठी दोन किंवा तीन प्रतिजैविके, आम्लनिरोधक, कधी बिस्मथ, आणि तेही आता बहुधा चौदा दिवस. मोठ्या गोळ्यांनी तोंड कडू होते, मळमळते, पातळ शौचाला होते. पाचव्या दिवशी पोट दुखावयाचे थांबते आणि रोगी औषध बंद करतो. नेमके तेथेच बिघडते.

यातील अॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले. महाराष्ट्राचा त्या कुळाशी जुना संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन बनू लागले. त्यापूर्वी परदेशातून येणाऱ्या इंजेक्शनासाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी गरिबावर येई. ते औषध देशात होऊ लागले, ही आमच्या आजोबांच्या पिढीला किमया वाटली. पण औषध स्वस्त झाले की ते सैल हाताने वापरले जाते. मेट्रोनिडॅझोलचे तेच झाले. आवेचा, जुलाबाचा त्रास आपल्याकडे पाण्याबरोबर येतोच. जुलाब लागले की दुकानातून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या, उरलेल्या फळीवर ठेवायच्या. त्या दोन दिवसांत पोटातल्या वाकड्या जंतूलाही औषधाची चव कळते आणि तो सावध होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, दक्षिण आणि गुजरात मिळून देशातील पाच ठिकाणांहून २५९ रुग्णांचे जंतू तपासले गेले. मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे सुमारे ७८ टक्के निघाले, क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे सुमारे ४५ टक्के. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जंतूला नव्या औषधांच्या शोधासाठी अग्रक्रमाच्या यादीत घातले. जमीन गहाण टाकून मिळणारे औषध आपण फळीवर ठेवून निकामी केले, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण आमचे मत तेच आहे.

मग ज्याच्या ज्याच्या पोटात हा जंतू आहे त्या प्रत्येकाला औषध द्यावे काय? येथे आपल्या देशाची गणिते निराळी आहेत. मुंबईत डॉ. गिल, डॉ. देसाई आदींनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच वर्षांखालील मुलांपैकी २२ टक्क्यांच्या, पाच ते नऊ वयात ५६ टक्क्यांच्या आणि दहा ते एकोणीस वयात ८७ टक्क्यांच्या रक्तात या जंतूच्या खुणा आढळल्या. म्हणजे हा बालपणीचा पाहुणा आहे. तो घरातल्या घरात, एका अंथरुणात, एका ताटात पसरतो. दाट वस्ती आणि अपुरे पाणी त्याला मानवते. एवढ्या साऱ्यांपैकी व्रण होतो तो थोड्यांना, आणि जठराचा कर्करोग जपानच्या मानाने आपल्याकडे फारच कमी. या विसंगतीला तज्ज्ञ ‘भारतीय कोडे’ म्हणतात. टोव्ही यांची भाकरी येथे पुन्हा उपयोगी पडते, कारण उत्तर व दक्षिण भारतात जंतू सारखाच पसरलेला असून व्रण मात्र सारखा नाही. मुंबईच्याच डॉ. बापट, डॉ. अब्राहम आदींनी २००० साली आणखी एक दिलासा दिला. प्रौढ भारतीयाच्या पोटातून जंतू एकदा समूळ गेला की तो पुन्हा लागण्याचे प्रमाण अल्प आहे. ‘आमच्या पाण्यात औषध घेऊन काय उपयोग, पुन्हा होणारच’ ही निराशा त्यामुळे निराधार ठरते. व्रण असलेल्याने उपचार घ्यावा, रक्तस्राव झालेल्याने तर घ्यावाच; नुसता जंतू सापडला म्हणून धडधाकट माणसाने घ्यावा की नाही, हे घराण्यात कर्करोग आहे काय इत्यादी पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे.

आणखी एक बाजू अलीकडे पुढे आली. जठरात फक्त हा एकच जंतू राहतो असा समज होता. २००६ साली तेवीस माणसांच्या जठरातील अंश जनुकीय पद्धतीने तपासले तेव्हा १२८ प्रकारचे जीव आढळले. हेलिकोबॅक्टर असेल तेथे त्याचेच राज्य असते आणि बाकीचे कोपऱ्यात दबून असतात. त्याला हटविल्यावर जठरातील इतर रहिवाशांची विविधता वाढते व ती निरोगी जठरासारखी होऊ लागते. परंतु गोळी केवळ जठरापुरती थांबत नाही. खालच्या आतड्यांतील उपकारक जंतूंचीही तिने हानी होते आणि ती भरून येण्यास आठवडे, कधी महिने लागतात. स्वीडनमध्ये एका आठवड्याच्या या उपचारानंतर काही रुग्णांच्या आतड्यांत औषधाला दाद न देणारे दुसरेच जंतू तीन वर्षांपर्यंत टिकून राहिलेले दिसले. तेव्हा हे शेत निंदणे आहे. तणाबरोबर पीकही थोडे उपटले जाते.

उपचार झाला म्हणजे जंतू गेला असे नव्हे, ते तपासावे लागते. त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालण्याची बहुधा गरज नसते. रोग्याला खुणेचा कार्बन असलेला युरिया पाजतात आणि काही वेळाने त्याला पिशवीत फुंकर मारावयास सांगतात. जंतू असेल तर तो आपल्या सवयीने युरिया फोडतो आणि तो खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. विष्ठेच्या तपासणीनेही हे समजते. मात्र ही चाचणी प्रतिजैविके संपल्यानंतर निदान चार आठवड्यांनी, आणि आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवूनच करावयाची असते, नाहीतर दबलेला जंतू गेल्यासारखा भासतो. ते दोन आठवडे जुन्या रोग्याला जड जातात. पोटात जरा जळजळले की हात सवयीने पाकिटाकडे वळतो; घरच्यांनी ते पाकीट तेवढे दिवस उचलून ठेवावे.